वाट, वाहन आणि विद्या
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी या संमेलनात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्ही पुष्कळ विचार केला. शिक्षण, हुंडा, विवाहखर्च, उद्योगधंदे या विषयांवर याच व्यासपीठावरून अधिकारी वक्त्यांची व्याख्याने आपण ऐकली आहेत. आम्ही आज जो विषय निवडला आहे तो प्रथमदर्शनी किरकोळ वाटेल. माणसे घरातून निघून इष्ट स्थळी कशी पोहोचतात, एवढाच तो विषय आहे. तो आम्हांस सुचला याचे श्रेय आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांना आहे. त्यांनी गेल्या उन्हाळी सुटीत काय केले, हे आम्ही पुढे ओघाने सांगणारच आहोत.

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी सभासदांच्या कुटुंबांची यादी छापली जाते. तिच्यात दोन रकाने असतात. एक 'मूळ गाव' आणि दुसरा 'हल्ली मुक्काम'. ही यादी आपण सर्वजण चाळतो, आपले नाव बरोबर छापले आहे की नाही ते पाहतो आणि पुस्तक मिटतो. परंतु या दोन रकान्यांच्या मध्ये जी कोरी जागा आहे तिच्यात आपल्या समाजाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. मूळ गाव कोकणातील किंवा घाटावरील एखादे खेडे, आणि हल्ली मुक्काम डोंबिवली, पुणे, बडोदे, क्वचित न्यू जर्सी. हे अंतर कोणी पायी तोडले, कोणी गलबताने, कोणी आगबोटीने, कोणी आगगाडीने. ज्याला वाहन मिळाले तो पुढे गेला. ज्याला मिळाले नाही तो मूळ गावीच राहिला, आणि पुष्कळदा यादीतूनही गळाला.

पूर्वीच्या काळी विद्येसाठी किती पायपीट करावी लागे याचे एक उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या आत्मचरित्रात ते नमूद केले आहे. मराठी सहाव्या इयत्तेच्या परीक्षेस बसण्यासाठी ते सवंगड्यांसह कोकणातील मुरूडहून साताऱ्यास पायी गेले. सुमारे ११० मैलांची वाट, भर पावसाचे दिवस आणि मध्ये कुंभार्ली घाट. इतके करून पोहोचल्यावर, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, या सबबीवर त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढे कर्वे महर्षी झाले म्हणून ही हकीकत आपणांस कळली. परंतु घाटाकडे पाहूनच ज्यांनी पाटी-दप्तर माळ्यावर टाकले, अशांच्या हकीकती कोणी लिहिल्या आहेत?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. अंतर अवघे २१ मैल. पुढे दहा वर्षांत, १८६३ साली, बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला आणि घाटमाथा मुंबईशी जोडला गेला. कोकणाच्या नशिबी मात्र पुढची सव्वाशे वर्षे आगबोटच राहिली. ती आगबोट पावसाळ्यात बंद असे. घरी कोणी अत्यवस्थ असल्याची तार मुंबईत मिळाली तरी आषाढात गाव गाठणे किती जिकिरीचे होते, हे येथे बसलेल्या काही वृद्धांना ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे समुद्रात गेली. त्या नावाचा उच्चार झाला की आमच्या मातोश्री हातातले काम थांबवीत, हे आम्हांस आजही आठवते. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गाने धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. ज्या दिवशी ती आपल्या तालुक्यातून प्रथम गेली त्या दिवशी माणसे नारळ आणि हार घेऊन फलाटावर उभी होती. त्या आनंदाचे मूळ कशात होते, हे शहरात जन्मलेल्या पिढीला सांगावे लागते.

आपले हे मंडळसुद्धा वाहनांचेच अपत्य होय, असे आम्ही म्हटले तर कोणी रागावू नये. गावात असताना मंडळाची गरज कोणाला होती? आगबोटीतून उतरलेला तरुण गिरगावात किंवा परळात गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकी, खानावळीत जेवी, आणि आजारी पडला तर त्याला पाहण्यास आपले माणूस नसे. अशा माणसांनी एकत्र येऊन फंड काढला, आणि त्या फंडातूनच मंडळ, वसतिगृह व शिष्यवृत्ती ही क्रमाने उभी राहिली.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. वाट सर्वांना सारखी मोकळी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या बालपणीचा १९०१ सालचा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. वडिलांना भेटण्यासाठी ते आणि त्यांच्या घरची इतर मुले आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. तेथून कोरेगावास जाण्यासाठी बैलगाडी हवी होती. मुले अस्पृश्य मानलेल्या जातीची आहेत हे समजताच कोणी गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक जण कबूल झाला. आगगाडीने या मुलांना मसूरपर्यंत आणले. पुढल्या वाटेवर मात्र जात आडवी आली. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलताना हा प्रसंग आम्ही हेतुपुरस्सर सांगत आहोत. त्याचे कारण शेवटी लक्षात येईल.

स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, एस.टी.ची पहिली गाडी सुटली. तिने खेड्यापाड्यांचे जे उपकार केले ते मोजण्यापलीकडचे आहेत. तत्पूर्वी खासगी मोटारी चालत. त्यांचा अभ्यास गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. धनंजयराव गाडगीळ व श्री. गोगटे यांनी मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांपुरता करून तो १९३५ साली प्रसिद्ध केला होता. मोटारीसारख्या धुळीच्या विषयावर विद्वानांनी वेळ खर्चावा याचे त्या काळी काहींना नवल वाटले असेल. परंतु वाहतुकीचे प्रश्न तर्काने सुटत नसतात, रस्त्यावर उभे राहून मोजणी करावी लागते, ही शिस्त आपल्याकडे अशा अभ्यासांनी घालून दिली.

अलीकडच्या काळात या शास्त्राने पुष्कळ प्रगती केली आहे. २०११ च्या जनगणनेत माणसे कामावर किती अंतर आणि कोणत्या साधनाने जातात, हे विचारण्यात आले. त्यातून दिसले की शेतीबाहेरच्या कामासाठी जे घराबाहेर पडतात त्यांत पायी जाणाऱ्यांचा वर्ग सर्वांत मोठा आहे. विमानतळ आणि द्रुतगती मार्ग यांच्या बातम्या वाचणाऱ्या आपणांस हे ठाऊक नसते.

दुसरे उदाहरण बिहारचे. तेथील सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा तीन किलोमीटरांहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम विशेष दिसला. जी तफावत व्याख्यानांनी भरून निघाली नव्हती तिचा मोठा भाग दोन चाकांनी भरून काढला.

तिसरे उदाहरण एका विद्यार्थिनीच्याच संशोधनाचे आहे. गिरिजा बोरकर या अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी अभ्यास करीत असताना त्यांनी दिल्ली विद्यापीठातील सुमारे चार हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांना आढळले की वाटेतील छेडछाडीच्या भीतीने मुली सुरक्षित मार्गावरचे कमी प्रतीचे महाविद्यालय पत्करतात, आणि सुरक्षित प्रवासासाठी मुलांपेक्षा अधिक पैसा खर्च करतात. गुणपत्रिकेने मिळवून दिलेली जागा मुलगी रस्त्यामुळे सोडते, असा याचा अर्थ.

हे निबंध आपल्या वसतिगृहातील काही मुलामुलींच्या वाचनात आले, आणि आपल्या समाजातील कुटुंबांत काय स्थिती आहे ते पाहावे, असे त्यांच्या मनाने घेतले. ती आमच्याकडे आली. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, मते विचारू नका, कालचा दिवस विचारा. काल घरातील प्रत्येक माणूस कोठे गेले, कशाने गेले, किती वेळ थांबले, किती पैसे लागले, आणि कोठे जायचे होते पण जाता आले नाही. हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, हेही सांगितले. सुटीत घरी गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही केली. आपल्या गावातील आणि शेजारच्या वाडीतील कुटुंबांना भेटून त्याने ती भरली. हे काही मोठे शास्त्रीय संशोधन नव्हे आणि त्यावरून टक्केवारी काढण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तथापि त्या वह्या वाचताना आमचे डोळे उघडले.

पहिली गोष्ट अशी दिसली की, अंतर किलोमीटरांत मोजणे फसवे आहे. तालुक्याचे गाव चौदा किलोमीटर, हे प्रत्येकाने सांगितले. परंतु मोटारसायकल असलेल्या मुलाला ते अर्ध्या तासाचे, आणि फाट्यापर्यंत चालत जाऊन गाडीची वाट पाहणाऱ्या त्याच्याच बहिणीला दोन तासांचे. एकाच घरात दोन वेगळी अंतरे नांदत होती!

दुसरी गोष्ट स्त्रियांच्या फिरण्याची. पुरुष घरून कामावर आणि कामावरून घरी असा सरळ प्रवास करतो. स्त्री मुलाला अंगणवाडीत सोडते, तेथून दळणाला, तेथून बचत गटाच्या बैठकीला, तेथून सासऱ्यांच्या औषधाला जाते. चार लहान प्रवासांची ती माळ असते. या माळेसाठी कोणतीच गाडी नसते, आणि 'काल कोठे गेलात?' या प्रश्नाला ती उत्तर देते, 'कुठे नाही, घरीच होते.' आमच्या एका विद्यार्थिनीने हे उत्तर वहीत लिहिले आणि त्याखाली त्या बाईंच्या सात खेपा मोजून लिहिल्या.

तिसरी गोष्ट वृद्धांची. एस.टी.त पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ही सरकारची कृपाच होय. परंतु गाडीची पायरी उंच आणि फाटा दूर. पुष्कळ वृद्धांच्या वहीतल्या पानावर 'जायचे होते' या रकान्यात एकच नोंद होती. देवळात.

चौथी गोष्ट मात्र आम्ही विसरू शकत नाही. एका गावात शाळा दहावीपर्यंत आहे, पुढे तालुक्यास जावे लागते. तेथून परतीची शेवटची गाडी साडेचारला सुटते आणि विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके पाच वाजता संपतात. त्या गावच्या मुलींनी दहावीनंतर कला शाखा घेतली आहे. मुलींना विज्ञानाची आवड नसते, असे तेथील एका गृहस्थांनी आमच्या विद्यार्थ्यांस सांगितले. विद्यार्थ्याने वेळापत्रक उतरवून आणले होते. त्याने ते आमच्यापुढे ठेवले आणि विचारले, "गुरुजी, आवड साडेचारला कशी संपते?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

याच वहीत एक घर होते, आणि आता जे सांगणार आहोत ते सांगण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत. अनेक वर्षांपूर्वी आम्ही मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीवर होतो. त्या गावातील एका ज्ञातिबंधूंचा अर्ज आला. फी भरण्यास आपण समर्थ आहोत, पुस्तकेही मिळाली आहेत, परंतु मुलीला तालुक्यास राहण्याची सोय करावयाची आहे, अथवा निदान एक सायकल घ्यावयाची आहे, तरी मंडळाने साहाय्य करावे, असा त्याचा आशय होता. नियमांत 'फी व पुस्तके' एवढेच शब्द होते. आम्ही अर्जावर 'नियमात बसत नाही' असा शेरा लिहिला, खाली सही केली आणि पुढचा अर्ज घेतला. त्यात अन्याय झाला असे आम्हांस तेव्हा मुळीच वाटले नाही. उलट नियमाने वागल्याचे समाधान वाटले.

ती मुलगी दहावीनंतर घरीच राहिली. आता ती गृहिणी आहे आणि तिची कन्या यंदा नववीत आहे. आमच्या विद्यार्थिनीने तिला विचारले की शिक्षण का थांबले. तिने कोणावर दोष ठेवला नाही. ती म्हणाली, "शाळा दूर नव्हती ग, वाट दूर होती." वही वाचताना गावाचे नाव आम्ही ओळखले आणि आपल्या हातचा तो शेरा आम्हांस आठवला. पुढच्या महिन्यात आम्ही स्वतः त्या घरी जाऊन आलो. त्या माउलीने चहा केला, आमच्या पाया पडली, आणि काही बोलली नाही. निघताना मात्र एवढेच म्हणाली, "काका, आता हिचं तेवढं बघा." तेच शब्द आम्ही येथे आपणांपुढे ठेवीत आहोत.

मंडळाचा सध्याचा संकल्प नव्या सभागृहाचा आहे, आणि त्यास आमचा विरोध नाही. सभागृह हवेच. लग्नकार्यांची सोय होईल आणि मंडळास उत्पन्नही मिळेल. परंतु सभागृहाला येणारी माणसे वाहनाने येऊ शकणारी आहेत. जी येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी त्याच वर्षी काही व्हावे, इतकीच आमची विनंती आहे.

कोणी म्हणतील, हे सरकारचे काम आहे. ते खरे आहे, आणि सरकारने ते पुष्कळ केलेही आहे. विद्यार्थ्यांना एस.टी.च्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत पास मिळतो. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास आहे. परंतु जी गाडी येतच नाही तिच्या निम्म्या तिकिटाचा उपयोग काय? जेथे गाडी आहे तेथे तिची वेळ बदलून घ्यावी लागते, आणि त्यासाठी कोणीतरी कागद घेऊन आगारात जावे लागते. आमच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या वह्या हाच तो कागद होय. कोणत्या गावाहून किती मुली, महाविद्यालय केव्हा सुटते, गाडी केव्हा निघते, हे लिहून दिल्यास अधिकाऱ्यांसही निर्णय घेणे सोपे जाते. नुसती तक्रार केराच्या टोपलीत जाते, मोजून लिहिलेल्या कागदाला निदान उत्तर तरी द्यावे लागते.

यास्तव तीन सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे नम्रपणे मांडतो. पहिली, शिष्यवृत्तीच्या नियमातील 'फी व पुस्तके' या शब्दांपुढे 'प्रवास व निवास' हे शब्द घालावेत. दुसरी, दरवर्षी उन्हाळी सुटीत वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ही पाहणी चालू ठेवावी आणि तिचा सारांश याच स्मरणिकेत छापावा. विवाहेच्छूंच्या यादीला जितकी पाने मिळतात त्यांतील दोन पाने यासाठी मिळावीत. तिसरी, गाडीची वेळ बदलून घेणे, फाट्यावर निवारा बांधणे, सायकली देणे, ही कामे आपल्या ज्ञातीच्या घरांपुरती न ठेवता त्या गावातील सर्व मुलींसाठी करावीत. वेळ बदललेल्या गाडीत आपल्या मुलीशेजारी कोणत्या जातीची मुलगी बसली आहे हे कोणी विचारू नये. मसूरच्या स्थानकावर मुलांना ज्या गाडीवानांनी नाकारले, त्यांच्या ओळीत आपल्या मंडळाने कधी उभे राहू नये. आगबोटीतून उतरलेल्या आपल्या आजोबांना पहिल्या रात्री ज्यांनी पथारी टाकण्यास जागा दिली, ते सगळेच काही आपल्या ज्ञातीचे नव्हते, हेही स्मरावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एक सांगतो. तुमचे शिक्षण तुम्हांस दूर नेईल, कदाचित समुद्रापार नेईल. त्यात आम्हांस आनंदच आहे. परंतु तुम्ही भरलेल्या वह्या जपून ठेवा. दहा वर्षांनी कोणीतरी त्याच घरी जाऊन तोच प्रश्न पुन्हा विचारील, आणि 'जायचे होते पण जाता आले नाही' हा रकाना तेव्हा किती रिकामा झाला आहे यावरून आपल्या मंडळाच्या कार्याचा हिशेब होईल. लेखापरीक्षकांनी तपासलेल्या हिशेबाइतकाच तोही महत्त्वाचा आहे.

त्या घरची कन्या पुढल्या वर्षी दहावीस बसेल आणि त्यानंतरच्या जूनमध्ये अकरावीत जाईल. तिला गणित चांगले येते, असे तिच्या शिक्षकांनी आम्हांस सांगितले. साडेचारच्या गाडीसंबंधीचा पहिला अर्ज गेल्या सोमवारी आम्ही स्वतः तालुक्याच्या आगारात देऊन आलो. त्याखाली त्या गावच्या छत्तीस पालकांच्या सह्या आहेत, सर्व जातींच्या. त्या अर्जाला मंडळाच्या पत्राची जोड मिळावी, एवढी प्रार्थना आहे.